विश्लेषण : फाइल घरातच, तरी पर्लला का सापडत नाही? ‘होम डिरेक्टरी’तील खासगी कोडचा घोळ काय आहे?

महिनाअखेरचा अहवाल काढणारी एक छोटी स्क्रिप्ट. दुपारी टर्मिनलवर हाताने चालवली, तर निमूट चालते. तीच रात्री दोन वाजता ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाली, की पहिल्या काही ओळींतच कोसळते. सकाळी मेलमध्ये एकच तक्रार दिसते, अमुक मॉड्यूल सापडले नाही. ज्याने ते मॉड्यूल लिहिले त्याच्या डिरेक्टरीत फाइल जागच्या जागी असते, नावात चूक नसते. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण संगणकासाठीच केली असावी, असे वाटायला लावणारा हा प्रकार पर्ल भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेला असतो. दोष सहसा कोडमध्ये नसतो. तो कोड कुठे ठेवला आहे आणि ती जागा नेमकी कुणाला सांगितली आहे, यात असतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सर्व्हरच्या सुरक्षेपर्यंत मजल मारली होती.

खासगी कोड घरात ठेवण्याची वेळ का येते?

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा एका युनिक्स यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे ही रोजची गोष्ट होती. यंत्रणेच्या मुख्य डिरेक्टऱ्या प्रशासकाच्या ताब्यात. सामान्य वापरकर्त्याला हक्काची जागा एकच, त्याची होम डिरेक्टरी. १९९४ मध्ये आलेल्या पर्ल ५ ने कोडचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, करण्याची चांगली सोय दिली आणि पुढच्याच वर्षी सीपॅन हे तयार मॉड्यूलचे सार्वजनिक भांडार उभे राहिले. मात्र भांडारातून आणलेले मॉड्यूल बसवायचे कुठे? मुख्य डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार नाही, त्यामुळे ते घरातच येऊन पडले.

ही परिस्थिती इतिहासजमा झालेली नाही. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर संकेतस्थळ चालवणाऱ्याला आजही प्रशासकाचे अधिकार मिळत नाहीत. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकांवर काम करणाऱ्या संशोधकांचेही तेच. जनुकांच्या क्रमवारीचा विदा चाळण्यासाठी ‘बायोपर्ल’ लागले, म्हणून असा सामायिक महासंगणक कुणा एकासाठी बदलता येत नाही. याखेरीज प्रत्येक अनुभवी प्रोग्रामरकडे स्वतःचा असा घरचा मसाला असतो: तारखांचे वेगवेगळे साचे ओळखणारे फंक्शन, लॉग लिहिण्याची आवडती पद्धत, एखाद्या जुन्या यंत्रणेतून येणाऱ्या विचित्र फाइली वाचणारा तुकडा. तो दहा स्क्रिप्टमध्ये चिकटवत बसण्यापेक्षा एका जागी ठेवून सगळीकडून वापरणे हे शहाणपणाचेच आहे.

उलट मुख्य डिरेक्टरीत हात घालणे अधिक जोखमीचे. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या लिनक्स प्रणालींमध्ये खुद्द प्रणालीची काही साधने पर्लमध्येच लिहिलेली आहेत. प्रशासक म्हणून एखादे मॉड्यूल नव्या आवृत्तीने बदलले आणि त्याचा फटका पॅकेज बसवणाऱ्या साधनालाच बसला, तर ते दुरुस्त करायचे तरी कशाने? तेव्हा घरात कोड ठेवणे ही चूक नव्हे. गोंधळ सुरू होतो तो त्या घराचा पत्ता पर्लला कसा सांगितला जातो, तिथून.

पर्ल मॉड्यूल शोधते कसे?

स्क्रिप्टमध्ये एखादे मॉड्यूल मागितले, की पर्ल संपूर्ण संगणक धुंडाळत नाही. तिच्याकडे डिरेक्टऱ्यांची एक यादी असते. तिचे नाव ‘@इन्क’. पर्ल तयार होतानाच तीत काही ठरावीक जागा लिहिलेल्या असतात. यादीतल्या पहिल्या जागेपासून शोध सुरू होतो आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की थांबतो. यादी संपली आणि फाइल मिळाली नाही, तर पर्ल काम सोडून देते. त्रुटीच्या संदेशात ती कुठे कुठे शोधले हेही छापते. हा संदेश लांबलचक दिसतो म्हणून लोक तो न वाचताच मिटवतात. खरे तर निम्मे उत्तर त्यातच असते, कारण घरची डिरेक्टरी त्या यादीत नाही हे तिथेच स्वच्छ दिसते.

यादीत घरचा पत्ता घालण्याचे मार्ग तीन. स्क्रिप्ट चालवतानाच आज्ञेसोबत पत्ता देणे हा पहिला, एकदोन वेळच्या कामापुरता. दुसरा, ‘पर्ल५लिब’ नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे लॉगिन करताना त्या वापरकर्त्याच्या सत्रात भरलेली एक नोंद. तिसरा, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘यूज लिब’ अशी ओळ लिहून पुढे पत्ता देणे. तिन्ही मार्गांनी दिलेली जागा यादीच्या आरंभी जाते, शेवटी नाही. म्हणजे घरच्या मॉड्यूलला मूळ मॉड्यूलपेक्षा आधी मान मिळतो. हे सोयीचे आहे आणि घातकही. समजा, कुणी घरच्या फाइलला ‘कॉन्फिग’ असे साधेसुधे नाव दिले. याच नावाचे मॉड्यूल पर्लच्या पोटात आधीपासून आहे आणि इतर अनेक मॉड्यूल त्यावर विसंबून आहेत. आता कोणती फाइल कधी उचलली जाईल, हे यादी कोणत्या मार्गाने बदलली आणि आधी काय उघडले गेले यावर ठरू लागते. असा दोष शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. सीपॅनच्या संकेतानुसार ‘लोकल’ हे पहिले नाव खासगी मॉड्यूलसाठी मोकळे सोडलेले आहे. घरच्या प्रत्येक मॉड्यूलपुढे ते लावले, तर ही टक्कर होतच नाही. फुकटचा विमा आहे, तरी फार थोडे तो उतरवतात.

‘यूज लिब’ लिहूनही फाइल का सापडत नाही?

नवख्यांना सर्वाधिक छळणारे चिन्ह म्हणजे ‘~’. टर्मिनलवर ते लिहिले की होम डिरेक्टरी असा अर्थ होतो, म्हणून ‘यूज लिब’पुढेही तेच लिहिले जाते. पण ‘~’चा विस्तार करून पूर्ण पत्ता देण्याचे काम पर्लचे नव्हे, टर्मिनलमागच्या शेलचे आहे. पर्ल अक्षरशः ‘~’ या नावाची डिरेक्टरी शोधते, आणि ती कुठेच नसते. त्यावर कडी म्हणजे ‘यूज लिब’ला अस्तित्वात नसलेली डिरेक्टरी दिली तरी ते चकार शब्द काढत नाही. तक्रार येते ती पुढे कधीतरी, मॉड्यूल मागितले गेल्यावर आणि तीही मॉड्यूलच्या नावाने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. एका ओळीत पत्ता व्हेरिएबलमध्ये साठवायचा आणि पुढच्या ओळीत ते व्हेरिएबल ‘यूज लिब’ला द्यायचे, असे लिहिणारे अनेक जण असतात. वाचताना ते बरोबर दिसते. मात्र ‘यूज’ने सुरू होणाऱ्या ओळी पर्ल स्क्रिप्ट वाचता वाचताच पार पाडते. मूल्य देणारी साधी ओळ त्यानंतर, प्रत्यक्ष चालवताना पार पडते. त्यामुळे ‘यूज लिब’च्या हाती रिकामे व्हेरिएबल लागते. ते मूल्य ‘बिगिन’ या खंडात भरले तर आधी भरले जाते. वरून खाली वाचायची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय उमगणे कठीणच.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधील ‘होम’ ही नोंद वापरून पत्ता तयार करणे. ती स्क्रिप्ट वाचायला घेण्यापूर्वीच उपलब्ध असते. मात्र पत्ता दुहेरी अवतरणात लिहावा लागतो. एकेरी अवतरणात तो जसाच्या तसा मजकूर समजला जातो आणि गाडी पुन्हा ‘~’च्याच खड्ड्यात जाते.

टर्मिनलवर चालते, मग क्रॉनमध्ये का अडते?

‘पर्ल५लिब’ ही नोंद आकाशातून पडत नाही. वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा शेल त्याच्या घरातील आरंभिक फाइल वाचते आणि ती नोंद सत्रात भरते. घरातील मॉड्यूल सांभाळण्यासाठी लोकप्रिय असलेले ‘लोकल लिब’ हे साधनही मुळात हेच करते. घरात ‘पर्ल५’ नावाची डिरेक्टरी तयार करायची आणि शेलच्या फाइलीत एक ओळ घालून आवश्यक नोंदी भरायच्या. त्यानंतर सगळे इतके सुरळीत चालते, की ही ओळ घातली होती याचाच विसर पडतो.

ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारे ‘क्रॉन’ मात्र कुणी लॉगिन करण्याची वाट पाहत नाही आणि त्या आरंभिक फाइली वाचतही नाही. ते ‘होम’सारख्या मोजक्या नोंदी देते. ‘पर्ल५लिब’ त्यात नसते. म्हणून दुपारी चालणारी स्क्रिप्ट रात्री पडते. ‘सूडो’ने प्रशासक म्हणून स्क्रिप्ट चालवली तरी तोच अनुभव येतो, कारण ‘सूडो’ बहुतांश एन्व्हायर्नमेंट पुसून टाकते आणि ‘पर्ल५लिब’ तर त्याच्या धोकादायक नोंदींच्या यादीतच आहे. पर्लचा ‘टेंट’ हा सावध मोड चालू असेल, तर पर्ल स्वतःच या नोंदीकडे दुर्लक्ष करते. वेब सर्व्हर वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. त्याचे घर वेगळे असते किंवा नसतेच. स्क्रिप्टमध्ये ‘होम’ वापरून पत्ता तयार केला असला, तरी तो पत्ता आता भलत्याच घराचा होतो.

यावर अनेक जण वैतागून क्रॉनच्या तक्त्यातच ‘पर्ल५लिब’ भरतात. काम भागते, हे खरे. पण आता तीच माहिती दोन ठिकाणी झाली. पुढे घरातील डिरेक्टरी हलवली तर एक जागा बदलली जाते आणि दुसरी हमखास राहते.

इथे एक मूलभूत चूक दिसते. स्क्रिप्टला काय लागते, हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नाही. ते तिच्या मालकाच्या लॉगिनमध्ये दडलेले आहे. स्क्रिप्ट एकट्यापुरती असेल तोवर याने फारसे बिघडत नाही. ती दुसऱ्या कुणी चालवायची म्हटली, मग तो दुसरा कुणी सहकारी असो वा क्रॉन, की ती दडलेली माहिती आडवी येते.

नोकरी सोडणाऱ्याबरोबर कोडही जातो?

जातो, आणि कार्यालयांना बसणारा खरा फटका हा आहे. पर्लमधल्या स्क्रिप्ट सहसा गाजावाजा करून जन्माला येत नाहीत. कुणीतरी अडलेले काम भागवण्यासाठी दोन तासांत लिहितो. ती उपयोगी पडते. हळूहळू विभागाचे रोजचे काम तिच्यावर चालू लागते. तिच्या आरंभी मात्र त्या माणसाच्या होम डिरेक्टरीचा पूर्ण पत्ता तसाच असतो. माणूस दुसऱ्या प्रकल्पावर जातो किंवा राजीनामा देतो. सुरक्षेच्या नियमानुसार त्याचे खाते बंद होते. लिनक्सवर खाते काढताना घरही पुसण्याचा पर्याय एका अक्षराचा आहे, आणि तो वापरणारा प्रशासक काहीही चुकीचे करत नसतो. त्या रात्री अहवाल निघत नाही. ज्याला विचारायचे तो माणूस आता तिथे नसतो, आणि त्याच्या घरात काय काय होते याची नोंद कुणाकडेच नसते. देखभालीची कामे एका कंपनीकडून दुसरीकडे, एका चमूकडून दुसऱ्या चमूकडे सतत फिरत असतात, तिथे हस्तांतराच्या कागदपत्रांत मुख्य आज्ञावलीचे सगळे तपशील असतात. कुणाच्या तरी घरातल्या दीडशे ओळींच्या मॉड्यूलचा उल्लेख मात्र नसतो.

घर पुसले गेले नाही तरी अडचण टळतेच असे नाही. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी इतरांना बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले. खासगीपणासाठी हा निर्णय योग्यच होता. त्याआधी कुणीही कुणाच्याही घरात डोकावू शकत असे. पण सहकाऱ्याच्या घरातील मॉड्यूल परस्पर वापरण्याची सवय असलेल्यांना नव्या सर्व्हरवर दार बंद मिळते. अशा वेळी ‘सगळ्यांना वाचू द्या’ म्हणून घर सताड उघडे करणे हा उपाय सर्रास केला जातो. तो सर्वात वाईट. घरात केवळ कोड नसतो. पासवर्ड असलेल्या फाइली असतात, अर्धवट कामे असतात.

आणखी एक अडचण प्रणाली अद्ययावत केल्यावर दिसते. काही मॉड्यूल निव्वळ पर्लमध्ये नसतात. त्यांचा एक भाग सी भाषेत लिहिलेला आणि विशिष्ट पर्लसाठी तयार करून घेतलेला असतो. प्रशासक सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेतो, मुख्य पर्ल बदलते, पण घरातला तो जुना भाग तसाच राहतो. नवे पर्ल त्याला जुळत नाही म्हणून नाकारते. प्रशासकाला या घरगुती भागाची कल्पना नसते, तर वापरकर्त्याला सर्व्हर बदलल्याची.

२०१६ मध्ये एका बिंदूवरून काय घडले?

जुन्या पर्लच्या शोधयादीत सर्वात शेवटी एक बिंदू असे. बिंदू म्हणजे ‘सध्या ज्या डिरेक्टरीत उभे आहोत ती’. स्क्रिप्टच्या शेजारीच मॉड्यूल ठेवले, तिथूनच स्क्रिप्ट चालवली, की काही न लिहिता ते सापडे. शिकणाऱ्यांना हे इतके सोपे वाटे, की शोधयादी नावाचे काही असते हेच कित्येकांना ठाऊक नव्हते.

यातला धोका जुलै २०१६ मध्ये उघडपणे मांडला गेला आणि त्याला २०१६-१२३८ हा सीव्हीई क्रमांक मिळाला. युक्तिवाद सरळ होता. बिंदू यादीच्या शेवटी असल्याने बसवलेली मॉड्यूल आधी सापडतात, हे खरे. पण अनेक आज्ञावल्या ‘असले तर वापरू, नसले तर सोडून देऊ’ अशी ऐच्छिक मॉड्यूलही मागतात. ती बसवलेली नसली, की शोध यादीच्या टोकापर्यंत, म्हणजे बिंदूपर्यंत पोहोचतो. आता प्रशासक तात्पुरत्या फाइलींच्या सामायिक डिरेक्टरीत उभा राहून एखादे साधे साधन चालवत असेल, तर? त्या डिरेक्टरीत कुणालाही लिहिता येते. कुणी नेमक्या नावाची फाइल तिथे आधीच टाकून ठेवली असेल, तर ती प्रशासकाच्या सर्वाधिकारांनिशी चालते.

पर्लच्या ५.२६ या मे २०१७ मधील आवृत्तीने बिंदू यादीतून काढून टाकला. यामुळे जुन्या स्क्रिप्ट मोडल्या, सीपॅनवरील काही मॉड्यूलच्या चाचण्या कोलमडल्या आणि ‘तीस वर्षे चालत होते ते का बदलले’ अशी कुरकूर झाली. जुने वागणे तात्पुरते परत मिळवण्यासाठी एक नोंद ठेवण्यात आली, पण तिच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातला. वापरायचे तर वापरा, पण काय करत आहात ते डोळ्यांसमोर राहू द्या, असा त्यामागचा भाव. मागची सुसंगतता प्राणपणाने जपणाऱ्या भाषेने घेतलेला हा निर्णय उशिरा का होईना, योग्य होता. ज्यांच्या स्क्रिप्ट मोडल्या त्यांना एक ओळ लिहावी लागली. त्या ओळीमुळे पूर्वी न सांगता चालणारी गोष्ट सांगून चालू लागली. पायथॉनने शोधयादीतून अशी असुरक्षित जागा वगळण्याचा स्वतंत्र पर्याय ३.११ या ऑक्टोबर २०२२ मधील आवृत्तीत दिला. तोही मागितला तरच लागू होतो.

मग २०२४ मध्ये पुन्हा तेच कसे?

‘नीडरीस्टार्ट’ हे लिनक्सवरील एक उपयोगी साधन. प्रणालीतील भाग अद्ययावत झाल्यावर कोणत्या सेवा अजून जुन्याच भागांवर चालत आहेत आणि पुन्हा सुरू कराव्या लागतील, हे ते सांगते. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २१.०४ पासून ते आपोआप बसवले जाते आणि प्रशासकाच्या अधिकारांनी चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा संस्थेने त्यातील दोष जाहीर केले. हे दोष एप्रिल २०१४ मधील ०.८ या आवृत्तीपासून, म्हणजे दहा वर्षे तिथे होते.

घडत असे ते असे. चालू असलेली एखादी पायथॉन स्क्रिप्ट कोणती मॉड्यूल वापरते हे शोधण्यासाठी हे साधन त्या प्रक्रियेच्या एन्व्हायर्नमेंटमधून ‘पायथॉनपाथ’ ही नोंद उचलत असे आणि तीच वापरून स्वतः पायथॉन सुरू करत असे. ‘पायथॉनपाथ’ म्हणजे पायथॉनचे ‘पर्ल५लिब’. सामान्य वापरकर्त्याने आपल्या घराचा पत्ता त्यात भरून एक प्रक्रिया चालू ठेवायची आणि अद्ययावतीकरणाची वाट पाहायची. नीडरीस्टार्ट येई, त्याच्या घरात जाई आणि तिथला कोड प्रशासक म्हणून चालवी. रुबी भाषेबाबतही असाच प्रकार होता. पर्लच्या स्क्रिप्ट तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मॉड्यूलमध्ये वेगळे दोष निघाले. गमतीचा, खरे तर खेदाचा भाग असा की नीडरीस्टार्ट स्वतः पर्लमध्येच लिहिलेले आहे. ज्या जमातीने बिंदूचा धडा २०१७ मध्ये गिरवला, तिच्याच एका साधनात दुसऱ्या भाषेच्या दारातून तोच पाहुणा आत आला. ३.८ या आवृत्तीत हे दोष दूर करण्यात आले.

रात्रीचा अहवाल न निघणे आणि सर्व्हर दुसऱ्याच्या हाती जाणे, या दोन घटनांची तीव्रता वेगळी, पण मूळ एक. कोड कुठून उचलायचा हे एका ठिकाणी ठरते आणि तो कुणाच्या अधिकाराने चालायचा हे दुसऱ्या ठिकाणी. एन्व्हायर्नमेंट त्या दोघांच्या मधून जाते, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसते.

मग कोड ठेवावा कुठे?

एकट्याच्या प्रयोगांसाठी, शिकण्यासाठी, स्वतःच्याच टर्मिनलवर चालणाऱ्या कामांसाठी ‘लोकल लिब’ आणि होम डिरेक्टरी ही जोडी उत्तम आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न त्या पलीकडचा आहे. स्क्रिप्ट क्रॉनमध्ये गेली किंवा दुसऱ्या कुणी मागितली, त्याच दिवशी तिला घराबाहेर काढणे योग्य. एक स्वतंत्र डिरेक्टरी करायची, तीत एका कप्प्यात स्क्रिप्ट आणि शेजारच्या कप्प्यात तिची मॉड्यूल ठेवायची. पत्ता सांगायचा तो कुणाच्या घरापासून मोजून नव्हे, तर स्क्रिप्ट स्वतः जिथे आहे तिथून मोजून. पर्लसोबतच येणारे ‘फाइंडबिन’ हे मॉड्यूल हे काम करते. ते स्क्रिप्टची जागा शोधून देते, आणि ‘इथून एक पायरी वर, मग लिब’ असा पत्ता ‘यूज लिब’ला देता येतो. ही डिरेक्टरी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेली, दुसऱ्याच्या नावाने चालवली, क्रॉनमध्ये टाकली, तरी स्क्रिप्ट आणि मॉड्यूल यांची ताटातूट होत नाही.

यातही एक खाच आहे. स्क्रिप्ट कुठूनही सहज चालवता यावी म्हणून अनेक जण तिची सांकेतिक जोडणी, म्हणजे सिमलिंक, दुसऱ्या डिरेक्टरीत करतात. फाइंडबिन दोन उत्तरे देते. ‘बिन’ हे उत्तर जोडणी जिथे आहे ती जागा सांगते, तर ‘रिअलबिन’ हे मूळ फाइलीची. हवे असते ते दुसरे. वापरले जाते बहुधा पहिले.

या पद्धतीवर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक प्रकल्पाने आपली मॉड्यूल आपल्याजवळ ठेवली, तर तारखांचे तेच फंक्शन दहा ठिकाणी होते आणि त्यातली चूक दहा ठिकाणी सुधारावी लागते. घरातल्या एकाच प्रतीचा मोह तिथूनच सुरू झाला होता. पण दहा प्रती निदान दिसतात. त्या गिटमध्ये असतात, शोधून काढता येतात आणि एक बदलली म्हणून बाकीच्या नऊ अचानक मोडत नाहीत. घरातली एक प्रत कुणी शुक्रवारी संध्याकाळी सहज सुधारली, की तिच्यावर चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट त्याच क्षणी बदलते, आणि अशा स्क्रिप्ट किती आहेत हे सुधारणाऱ्यालाही ठाऊक नसते. तो सामायिक भाग खरोखर मोठा झाला असेल, तर त्याचे रीतसर पॅकेज करून, आवृत्ती क्रमांक देऊन बसवावे. सीपॅनवर टाकायची गरज नाही; कार्यालयापुरते पॅकेज करायलाही अर्धा दिवस पुरतो.

प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टबाबत मात्र तडजोडीला जागा नसावी. तिने कुणाच्याही घरातून काहीही उचलू नये, प्रशासक स्वतः त्या घराचा मालक असला तरी. मॉड्यूल ज्या डिरेक्टरीत आहेत तिथे केवळ प्रशासकालाच लिहिता यावे, आणि ‘टेंट’ मोड चालू ठेवावा, म्हणजे चुकून भरलेले ‘पर्ल५लिब’ बाजूला पडते.

कार्यालयात आधीपासून चालू असलेल्या स्क्रिप्टचे काय?

सगळ्या एका दिवसात बदलणे कुणालाच जमणार नाही. सुरुवात मोजणीपासून करता येते. क्रॉनच्या तक्त्यांतील प्रत्येक पर्ल स्क्रिप्टमध्ये होम डिरेक्टरीचा पत्ता कुठे आला आहे, हे एका साध्या शोधाने कळते. ज्यात तो आलेला नाही अशा स्क्रिप्ट रिकामे एन्व्हायर्नमेंट देऊन चालवून पाहता येतात. लिनक्सवर त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. ज्या पडतात, त्या कुणाच्या तरी लॉगिनवर विसंबून आहेत. ज्या चालतात, त्यांतही कोणते मॉड्यूल प्रत्यक्षात कुठून उचलले गेले, याची नोंद पर्ल ‘%इन्क’ या दुसऱ्या यादीत ठेवते. ती स्क्रिप्टच्या शेवटी छापून घेतली, की दिवसेंदिवस बिनबोभाट चालणाऱ्या स्क्रिप्टच्या यादीतही कधीकधी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सहकाऱ्याचे नाव निघते. त्याचे खाते अजून बंद झाले नसेल, तर ते बंद होण्याआधी तेवढ्या फाइली बाहेर काढून घ्यायला वेळ आहे.